मंगळवार-शुक्रवारचा वर्ग

५ जानेवारी, सोमवार

लेकीने ही वही पाठवली त्याला पंधरा दिवस झाले. रोज चार ओळी लिही, डोकं हलकं होईल, असं तिचं म्हणणं. दिवसभर वाचनालयात लिहून लिहून बोटं वाकडी होतात, त्यात घरी येऊन आणखी लिहायचं म्हणजे धोब्याने घरी येऊन पुन्हा धुणं काढण्यासारखं आहे. तरी आज लिहिते, कारण आजची गोष्ट यांना सांगितली तर हे दोन मिनिटांत उपाय सांगतील, आणि मला उपाय नको आहे.

निधीवाल्यांचं पत्र आलं. मागल्या खोलीतला मोठ्या माणसांचा वाचनवर्ग त्यांच्या अनुदानावर चालतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते चार. अनुदानाची तीन वर्षं मार्चअखेर संपतात. पुढची तीन हवी असतील तर पंचवीस पानी अर्ज करायचा, आणि फेब्रुवारीत त्यांचा तपासनीस येऊन आमच्या नऊ जणांचं वाचन तपासणार. अनुदान म्हणजे काही घबाड नव्हे. शिक्षिकेचं मानधन आणि मोठ्या टाइपातली पुस्तकं, एवढंच. पण मानधन थांबलं की शिक्षिका थांबणार, शिक्षिका थांबली की वर्ग थांबणार, आणि वर्ग थांबला की खोली मोकळी होणार. ती मोकळी होण्याकडे आमचे कार्यवाह डोळे लावून बसलेत. त्यांना तिथे फी भरणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे.

माणूस वाईट नाही. प्रत्येक वाक्याआधी ‘तूर्तास’ म्हणतात, म्हणून त्यांच्या माघारी आम्ही सगळे त्यांना तूर्तासराव म्हणतो. आज म्हणाले, “तूर्तास अर्ज करून बघा.” म्हणजे नंतरचं ठरलेलं आहे.

मी छप्पन्न वर्षांची झाले. निवृत्तीला दोन वर्षं उरली. हा वर्ग मी सुरू केला, तो माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू नये एवढंच वाटतं. मी गेल्यावर काय व्हायचं ते होवो, असंही वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

८ जानेवारी, गुरुवार

अर्जाची सहा पानं झाली. प्रश्न क्रमांक चौदा: ‘लाभार्थींना वाचनातून मिळणारा आनंद एक ते पाच या श्रेणीत नमूद करावा. मोजमापाचे साधन लिहावे.’

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, रद्दीवाल्याचा तराजू आण. मग गंभीरपणे म्हणाले, “तू त्यांना वाचायला शिकवतेस की स्वतः अर्ज भरायला शिकतेस?” खरं तर वर्गात नीट बसून मला दोन महिने झाले असतील. शिक्षिका सगळं बघते. ती पोरगी जीव ओतून शिकवते, आणि मी बाजूच्या खोलीत तिच्या जीव ओतण्याला श्रेणी देत बसते.

९ जानेवारी, शुक्रवार

आज मुद्दाम वर्गात जाऊन अर्धा तास बसले. बरं वाटलं.

सुईणबाईंनी औषधाच्या बाटलीवरचा कागद मोठ्याने वाचला. ‘रिकाम्या पोटी घेऊ नये’ आल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, हे मी दोन वर्षं रिकाम्या पोटीच घेतेय. सत्तरी ओलांडली त्यांनी. या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मली, तूर्तासरावसुद्धा. तेव्हाही ते ‘तूर्तास नको’ म्हणत अडून बसले असणार. तीन वर्षांपूर्वी या बाईंना अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

बँकेच्या रखवालदाराने मला वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवला. अर्धा कळला नाही असं तो म्हणाला. मी म्हटलं, मलाही कळला नाही, घाबरू नका. थोरली आणि धाकटी या दोघी जावा एकच कादंबरी वाचतात. तिच्यात दोन खुणा घातलेल्या असतात, आणि पुढे कोण गेलं यावरून घरी भांडण होतं. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले पूर्वी कपडे ओळखायला दोऱ्याच्या गाठी बांधायचे. एक गाठ डॉक्टरांची, दोन गाठी आमच्या. आता चिठ्ठीवर नाव लिहून टाचतात, आणि आमच्या आडनावातली वेलांटी न चुकता चुकवतात.

निघताना माझ्या हातात अर्जाचे कागद होते. सुईणबाईंनी विचारलं, सारखं काय लिहीत असता? मला तूर्तासरावांनी बोलावलं होतं, पाय दारात होता. मी म्हणाले, तुमच्यासाठीच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या वर्गासाठी पैसे मागते आहे. पुढच्या महिन्यात एक साहेब येऊन तुमचं वाचन बघणार आहेत.

“आणि ज्यांना वाचता येतं, त्यांच्यासाठी?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्यासाठी कोण देतंय,” मी हसून म्हटलं. “वाचता आलं की इथे यायचं कशाला?”

कुणी हसलं नाही. माझे विनोद हल्ली कुणाला कळत नाहीत. हे म्हणतात, पूर्वीही कळत नव्हते.

१३ जानेवारी, मंगळवार

अर्ज: अकरा पानं. पाठ मोडली.

सुईणबाई वर्गाआधी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी वर्गाची भरती झाली तेव्हा त्यांच्या शेजारणीला परत पाठवलं होतं, ते मला आठवतं का, असं विचारत होत्या. आठवतं की. भरतीला निधीवाल्यांनी चाचणी घेतली होती. त्या शेजारणीने दोन ओळी अडखळत का होईना, वाचल्या, म्हणून तिला घेतलं नाही. ती रडत गेली होती. मी सुईणबाईंना म्हटलं, नियम तो नियम, माझ्या हातात काय होतं.

“तोच साहेब येणार का?”

तो की दुसरा, मला ठाऊक नाही, पण निधी तोच, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. म्हाताऱ्या माणसांना जुनं काहीतरी मधेच आठवतं.

२० जानेवारी, मंगळवार

शिक्षिका चिंतेत आहे. वर्ग एकदम मागे गेला म्हणते. धाकटीला आज जोडाक्षर येईना, जी कादंबरी वाचते तिला. रखवालदाराने घरी नेलेली तिन्ही पुस्तकं परत करून टाकली. पुन्हा न्यायची का विचारलं तर म्हणाला, तूर्तास नको. (हा रोग पसरतोय.)

मी तिला म्हटलं, परीक्षेची धास्ती आहे, मोठ्या माणसांना परीक्षा लहानांपेक्षा जास्त लागते. तपासनीस गेला की येतील ताळ्यावर. तिने विचारलं, मी त्यांना एकदा समजावून सांगू का, की काय बघणार आहेत, कशाला बघणार आहेत? मी नको म्हटलं. जितकं बोलू तितकी भीती वाढेल. वर्गात परीक्षा हा शब्दही काढायचा नाही असं ठरवून टाकलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

अर्ज गेला. सगळी पंचवीस पानं. आनंद चार लिहिला. पाच लिहिला असता तर पुरावा मागितला असता.

येताना इस्त्रीचे कपडे घेतले. घरी गठ्ठा सोडला तर यांच्या शर्टाऐवजी दुसऱ्याच कुणाचा शर्ट. कॉलरला चिठ्ठी नाही, दोऱ्याच्या दोन गाठी. परत गेले. इस्त्रीवाले ओशाळले, म्हणाले, काही दिवस पुन्हा गाठीच बांधतोय. का, तर उगीच, कुणाच्या नजरेला पडायला नको. चिठ्ठी कुणाच्या नजरेला पडली तर काय होतं ते मला विचारायचं होतं, पण गिऱ्हाइकं उभी होती.

इतकी वर्षं हाताला लागलेली सवय तीन वर्षांत सुटत नाही, हेच खरं. मला वाईट वाटलं. मग रागही आला, आणि कुणाचा ते कळलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी तपासणी. आज वर्ग लवकर सोडला. सगळे जण खोलीबाहेर घोळका करून बोलत होते, मी गेले तर गप्प झाले. जावा तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हटलं चला, घाबरलेली माणसं हसत नाहीत.

सुईणबाईंनी माझा हात धरला. बाळंतिणीचा धरतात तसा धरला असेल, घट्ट. “बाई, तुम्ही मुळीच काळजी करू नका. वर्ग बंद पडू देत नाही आम्ही.”

मला भरून आलं. कुणी ‘काळजी करू नका’ म्हणून किती दिवस झाले. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, चांगली माणसं मिळाली तुला. मिळालीच आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू.

तपासनीस बरोबर दोनला आला. तरुण, सौम्य, आवाज न चढवणारा. तीन वर्षांपूर्वीचा नव्हे. त्याच्याकडे चार पुठ्ठे होते. पहिल्यावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर शब्द, तिसऱ्यावर वाक्य, चौथ्यावर परिच्छेद. एकेकाला समोर बसवून वाचायला सांगत होता. भरतीच्या वेळी नऊच्या नऊ जण पहिल्या पुठ्ठ्यावर अडकले होते, तो कागद त्याने शेजारी ठेवला होता. मी आणि शिक्षिका भिंतीला टेकून उभ्या होतो.

रखवालदार पहिला. अग्रलेख वाचणारा माणूस. ‘क’ वाचला, मग कपाळ पुसत राहिला. पुढचं अक्षर येईना. मी म्हटलं, पहिलाच आहे, गांगरला असेल. मग थोरली, तेच. धाकटी, तेच. इस्त्रीवाले तिसऱ्या पुठ्ठ्यापर्यंत गेले आणि वाक्य वाचायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं. ते तिथेच थांबले आणि म्हणाले, नाही येत साहेब. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं.

सुईणबाई शेवटी. तपासनीसाने पुठ्ठे बाजूला ठेवले आणि कोरा कागद पुढे केला. आजी, नुसतं स्वतःचं नाव लिहा, म्हणाला. बराच वेळ त्या पेन्सिल हातात धरून बसल्या. मग लिहिलं, आणि तेही चुकीचं. पहिलं अक्षरच नाही.

तपासनीसाने कागद गोळा केले. जाताना मला म्हणाला, खूप कष्ट घेताय तुम्ही. दया केल्यासारखं म्हणाला. शिक्षिकेकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

ती बाहेर जिन्यात बसून रडली. मी तिच्याशेजारी बसले.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज कामावर गेले नाही. यांना सांगितलं डोकं दुखतंय.

स्वतःशी तरी खरं लिहिते. मला वाटतं, ती माणसं वाचतच नव्हती. वाचल्यासारखं करत होती, ओळखीच्या मजकुराचं पाठांतर म्हणत होती. औषधाचा कागद सुईणबाईंनी सुनेकडून आधी वाचून घेतला असेल. अग्रलेख रखवालदाराला बँकेतल्या कुणी सांगितला असेल. आणि मी मुंडी हलवत बसले, कारण मला तेच ऐकायचं होतं. तीन वर्षं मी अहवालात ‘समाधानकारक’ लिहीत आले. समाधान माझं, कारक कुणीच नाही.

हे संध्याकाळी चहा घेऊन आले. म्हणाले, नऊच्या नऊ? एकालाही येऊ नये? हे जरा अजब नाही का? मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला सगळ्यात कोडी दिसतात, म्हटलं. चहा तसाच गार झाला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले कामावर. न जाऊन सांगते कुणाला.

दोनला सगळे हजर. आणि कसे, तर खुशीत. जावांनी नवी लुगडी नेसली होती, इस्त्रीवाल्यांनी दाढी केली होती. मला ते बघवेना. इतकं सगळं पाण्यात गेलं आणि या माणसांना त्याचं काहीच नाही? शिक्षिका आली नव्हती. मी खोलीत न शिरता दारातूनच सांगितलं, निकाल येईपर्यंत वर्गाला सुट्टी, घरी जा.

सुईणबाई मागोमाग माझ्या टेबलाशी आल्या. “बाई, एक सांगायचं होतं. हसाल तुम्ही.”

“आज नको,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी सांगा.”

मान वरही केली नाही मी. रजिस्टरमध्ये डोकं घातलं. थोडा वेळ उभ्या राहिल्या असतील, मग चपलांचा आवाज आला. चिडले होते मी त्यांच्यावर. सत्तरीच्या बाईवर, तिला स्वतःचं नाव लिहिता आलं नाही म्हणून. मी इतकी हलकी होऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शिक्षिकेने राजीनामा दिला. एका खासगी शिकवणीत जागा मिळाली तिला. माझ्यासमोर बसून म्हणाली, मला शिकवता येत नाही हे कळायला तीन वर्षं लागली. मी तिला सांगायला हवं होतं की तसं नाही. पण मलाच खात्री नव्हती, आणि खोटा दिलासा द्यायचं त्राण नव्हतं. कागद घेतला, आवक-जावकचा शिक्का मारला.

दुपारी तूर्तासराव आले. खोलीचं काय, विचारत होते. निकालाची वाट बघायची तर बघू, तूर्तास घाई नाही. मी म्हटलं, वाट कशाची बघायची? घ्या खोली. त्यांनी बरोबर आणलेल्या कागदावर मी सही केली. एक मार्चपासून अभ्यासिका. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. पाणी मागवू का, विचारत होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. सुतार मागली खोली मोजून गेला. लेकीचा फोन आला, वही लिहितेस ना म्हणून. हो म्हटलं. डोकं हलकं झालं का? हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं लिहून काढायचं आहे. कितीही वेळ लागो.

सकाळच्या टपालात निधीचं पत्र आलं. जे अपेक्षित होतं तेच. खणात टाकलं. दोन वाजता मागल्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. बघते तर नऊही जण आपापल्या जागी. सुट्टी दिली तरी ते दर मंगळवारी-शुक्रवारी येऊन तासभर बसतात, हे मला आज शिपायाकडून कळलं. मला सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. म्हटलं, आज तोंडावर सांगून टाकू. पत्र घेऊन गेले.

माझ्या हातातला लिफाफा बघून रखवालदार उठून उभा राहिला. “आलं, मॅडम? झालं ना मंजूर?”

मी बसा म्हटलं, पण बसायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. थोरली म्हणाली, आम्ही दोघींनी घरी रोज सराव केला चुकायचा. ही तर सारखी बरोबरच वाचायची, हिला चिमटे काढले. इस्त्रीवाले म्हणाले, माझी जीभ घसरलीच होती, ओळ आपोआप वाचली गेली, रखवालदार खोकला म्हणून वाचलो. रखवालदार म्हणाला, साहेबांना शंकासुद्धा आली नाही. हसत होते. मोठी कामगिरी फत्ते करून आलेली माणसं हसतात तशी.

मला कळायला वेळ लागला. लाज वाटते लिहायला, पण लागला. कुणाला उद्देशून कोण जाणे, मी विचारलं, “मुद्दाम?”

“मग काय,” सुईणबाई म्हणाल्या. “येतं म्हटलं असतं तर माझ्या शेजारणीसारखं परत पाठवलं असतं सगळ्यांना. तुम्हीच म्हणाला होता, ज्यांना येतं त्यांच्यासाठी कोण देतंय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बाकी काही वाटलं नाही. नाव चुकवलं ना, ते जड गेलं. किती दिवसांनी आलं होतं ते.”

लिफाफा हातात तसाच होता. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय पाहिलं कोण जाणे, पण त्यांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, चष्मा लावला आणि उभ्या राहूनच वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, सावकाश.

“आपल्या वाचनालयातील वाचनवर्गाच्या नऊ लाभार्थींची तपासणी दिनांक तीन फेब्रुवारी रोजी करण्यात आली. तीन वर्षांच्या कालावधीत लाभार्थींच्या वाचनक्षमतेत कोणतीही प्रगती आढळून आलेली नाही. सबब,” इथे थांबल्या. “सबब म्हणजे?”

“म्हणून,” मी सांगितलं.

“सबब, पुढील कालावधीसाठी अनुदान मंजूर करता येत नाही. सदर निर्णय अंतिम समजण्यात यावा.”

एक काना-मात्रा चुकली नाही. खाली सही होती ती वाचली, हुद्दा वाचला, जावक क्रमांकसुद्धा वाचला. मग चष्मा काढला.

धाकटीच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. रखवालदार म्हणाला, “म्हणजे येतं म्हटलं असतं, तर मिळालं असतं?”

“हो,” मी म्हटलं.

मग मी त्यांना सांगितलं. भरतीच्या वेळी न येणारे हवे होते, आता आलेले हवे होते. अर्जात ‘प्रगती’ हा शब्द अकरा ठिकाणी होता, आणि मी तो तुमच्यापुढे एकदाही उच्चारला नाही. शिक्षिका समजावून सांगते म्हणाली, तिलाही मीच अडवलं. मी दारात उभी राहून एक विनोद केला, तो तुम्ही खरा मानला, कारण तो तुमच्या अनुभवाला धरून होता. चूक माझी आहे. शिक्षिका गेली, खोली एक तारखेपासून दुसऱ्यांना दिली, त्या कागदावर सही माझी आहे. हेही सांगितलं. सांगताना रडले. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं मला.

ते बघत असतानाच तपासनीसाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्याने, मधे बोलला नाही. मग म्हणाला, मॅडम, तेव्हा खरं होतं की आत्ता खरं आहे, हे मी कागदावर कसं ठरवू? माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण यादी वर गेली. पुढची भरती तीन वर्षांनी, तेव्हा अर्ज करा. आणि तेव्हा न वाचता येणारे लागतील. हे शेवटचं त्याने संकोचून सांगितलं. तेव्हा मी इथे नसेन, आणि या नऊ जणांना कुणी घेणार नाही, कारण यांना वाचता येतं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, माझ्या जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी या, दोघे-तिघे मावतील, जमेल तितकं बसू. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. इस्त्रीवाले म्हणाले, त्या ताईंचा पत्ता द्या, त्यांना जाऊन सांगतो की त्यांना शिकवता येतं. पत्ता दिला. कागदावर मी लिहायला लागले तर त्यांनी पेन घेतलं आणि मला सांगा म्हणाले, त्यांनीच लिहिला.

“मला रागवा,” मी सुईणबाईंना म्हटलं. “काहीतरी बोला.”

“काय रागवायचं?” त्या म्हणाल्या. “सहा तारखेला सांगायला आले होते. तेव्हा तुम्ही वर बघितलं असतंत, तर वेळ होता.”

एवढंच म्हणाल्या. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे उठले. जावांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी घडी केली, दर वेळी करतात तशी. सुईणबाईंनी पत्राची घडी घातली आणि मला परत द्यायला हात पुढे केला, पण सोडलं नाही. म्हणाल्या, “हे मला देता का? माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं, आणि मी वाचलेलं, असं हे पहिलंच आहे.”

मूळ प्रत फाइलला लागते. मी झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि मूळ त्यांना दिलं.